सांधलं, पण बसलं का?

स्वतः सांधणाऱ्या रबरावर काम करते म्हटलं की समोरचा हमखास म्हणतो, "कापून दाखव ना!" दाखवते. ब्लेडने पट्टी कापायची, दोन्ही तोंडं लगेच एकमेकांवर दाबायची, थोडी ऊब द्यायची. नंतर ओढली तरी पट्टी तुटत नाही. लोक खूश. माझा प्रश्न मात्र वेगळा असतो: ही पट्टी कंपनं आधीइतकीच शोषते का?

कारण माझं रबर मशीनखाली कंपनं शोषायला ठेवायच्या पॅडसाठी आहे, आणि त्या पॅडवर कुणी ब्लेड चालवत नाही. ते आतून थकतं. कंपनाची ऊर्जा रबरात उष्णता होऊन जिरते, आणि रबरातून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. जाड पॅडचा गाभा तापत राहतो आणि भेग तिथेच पडते, बाहेरून पत्ताही लागत नाही. 2001 साली गाजलेल्या पॉलिमरमध्ये दुरुस्तीचं द्रव्य सूक्ष्म कॅप्सूलांत भरलेलं होतं. कल्पना झकास, पण कॅप्सूल एकदा फुटली की त्या जागी संपलंच. रोज मार खाणाऱ्या पॅडला ते पुरायचं नाही. त्यापेक्षा रबराच्या लांब रेणूंच्या साखळ्यांमधले बंधच सुटून पुन्हा जुळणारे हवेत: हायड्रोजन बंध, किंवा डायसल्फाइड, म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधला बंध. 2008 मध्ये पॅरिसच्या लुडविक लाइबलर यांच्या गटाने वनस्पती तेलातली फॅटी आम्लं आणि युरिया यांपासून असं रबर केलं. ते खोलीच्या तापमानालाच सांधतं.

यातली गंमत अशी, की हे बंध सुटता-जुळताना कंपनाची ऊर्जाही खातात. एका दगडात दोन पक्षी! पण अशा चंचल बंधांवर सतत वजन ठेवलं की पॅड हळूहळू चपटं होतं, 'बसतं'. म्हणून थोडे कायमचे क्रॉसलिंक, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे न सुटणारे सांधे, घालावे लागतात. ते जास्त झाले की सांधणं मंदावतं. माझं बहुतेक काम या प्रमाणाशी झटापट करण्यातच जातं.

माझं रबर पॉलियुरेथेन जातीचं आहे, त्यासाठी मी एरंडेल वापरते. साखळी जोडायला लागणारे हायड्रॉक्सिल (OH) गट त्याच्या रेणूत मुळातच असतात, आणि लोंबकळणारी शेपटं डॅम्पिंगला, म्हणजे कंपन जिरवायला, मदत करतात. पण तेवढ्यावर 'हरित' शिक्का मारणं मला पटत नाही. त्याच्याशी जोडायचं दुसरं रसायन, आयसोसायनेट, बहुधा पेट्रोलियमचंच असतं, शिवाय विषारी. खरा फायदा पुढे आहे: गंधकाने पक्कं केलेलं रबर वितळवून पुन्हा घडवता येत नाही, माझं हे रबर गरम दाबाखाली पुन्हा घडवता येतं.

नमुना हलवून त्याचा प्रतिसाद मोजणाऱ्या डीएमए यंत्रावर टॅन डेल्टा (रबर कंपनाची ऊर्जा किती जिरवतं, त्याचं माप) 0.3 च्या वर किती अंश तापमानापर्यंत टिकतो, ते कापण्याआधी आणि सांधल्यावर, दोन्ही वेळा बघते. नुसती ओढून मोजलेली ताकद छापणारे शोधनिबंध मला अर्धवट वाटतात. सध्या नमुने दाबून ओव्हनमध्ये ठेवलेत. सोडल्यावर किती उंची परत येते, त्यावर पुढचं प्रमाण ठरेल.