हायब्रीड सायकल घेताना: आधी पायाचं माप, मग आपला रस्ता

हायब्रीड म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली सायकल. ती घ्यायला बेळगावात दुकानात शिरलं की पहिला प्रश्न असतो, "बजेट किती?" मी तो मागे ठेवला आणि घरूनच पायाचं माप घेऊन गेलो. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक कणा वर करून दोन्ही पायांच्या मध्ये धरायचं, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढं घट्ट वर सरकवायचं आणि कण्यापासून जमिनीपर्यंत टेप लावायचा.

माप 78 सेंटीमीटर आलं. त्याला 0.66 ने गुणलं की 51, ही फ्रेमची अंदाजे साइज. 0.883 ने गुणलं की 69, ही क्रँकच्या (पायडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. फ्रेमच्या आकड्यावर फार विसंबू नये. वरचा दांडा हल्ली उतरता असतो आणि एका कंपनीची 'एम' दुसरीच्या 'एल'एवढी भरते. खरा निकाल सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतराचा. सीट वरखाली होते, फ्रेमची लांबी बदलत नाही. कोपर किंचित वाकलेलं आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. हात ताणावे लागले तर भार तळहातावर येतो आणि थोड्या वेळात बोटं बधिर होतात. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, बदलून 10-20 मिलीमीटरचा फरक निघतो. त्याहून जास्त हवा असेल तर ती सायकल आपली नव्हे.

मग रस्ता. टिळकवाडी ते कॅम्प एवढंच फिरणं असेल तर 32-35 मिलीमीटरचा टायर पुरे. खानापूर, जांबोटीकडे जायचं तर 40 घ्या. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीत टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर मोकळी जागा हवी, नाहीतर चिखल अडकून चाक जाम होतं. पुढच्या सस्पेन्शनच्या मोहात मी पडलो नाही. स्वस्त सायकलींवरचा असा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपाखी दांडा) जड असतो आणि चढावर पायातला जोर त्यात खर्ची पडतो. खड्ड्यांचा दणका रुंद टायर बऱ्यापैकी गिळतो.

गिअर किती, यापेक्षा दाते मोजा. पुढचं सगळ्यात लहान चक्र 28 आणि मागचं सगळ्यात मोठं 28 असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 2.2 मीटर जाते. येळ्ळूरहून राजहंसगडाचा चढ यावर गुडघ्यांना भारी पडतो. मागे 34 दाते असतील तर तेच अंतर 1.8 मीटरवर येतं आणि बसूनच चढता येतं. मागच्या दात्यांचा संच फ्रीव्हील (हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसणारा) आहे की कॅसेट (हबवर सरकवून बसणारा), हेही विचारा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग आत असतं, त्यामुळे वजनदार माणसाच्या किंवा सामानाच्या ओझ्याने अ‍ॅक्सल (चाकाचा आस) वाकतो.

ब्रेकसाठी माझा कौल मेकॅनिकल डिस्कला, म्हणजे तारेने ओढल्या जाणाऱ्या डिस्क ब्रेकला. आपल्याकडच्या पावसात लाल मातीची कच रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेला दाबणाऱ्या ब्रेकच्या) रबरात रुतते आणि रिमच घासून काढते. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने चालणारे) अधिक चांगले, पण ते ब्लीड करणारा, म्हणजे तेलातली हवा काढणारा, मिस्त्री खेड्यात मिळेलच असं नाही. तारेचा ब्रेक कुठेही ताणून घेता येतो. चेनला तेल देताना डिस्कवर थेंब उडू देऊ नका, ब्रेकचे पॅड कायमचे बाद होतात.

सायकल खोक्यातून येते आणि दुकानात जोडली जाते. घाईत नेमका तिथेच गोंधळ होतो. फोर्क उलटा बसला नाही ना, पाहा. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. जोर लावून सरळ फिरवलं की क्रँकच्या आट्या जातात. चाक फिरवून डिस्क घासत नाही ना, ऐका. चाकाच्या शेजारशेजारच्या तारा (स्पोक) चिमटीत दाबा, एखादी ढिली लागली तर तिथेच चाक ट्रू, म्हणजे सरळ, करून घ्या. दीड-दोनशे किलोमीटरनंतर केबल ढिल्या पडतात, तारा बसतात. तेव्हा पुन्हा एकदा दुकानात नेऊन क्रँकचे बोल्टही आवळून घ्या.