बाझिलच्या पुढचं वय

मी यूएईतल्या अल ऐनजवळ एका उंटांच्या फार्मवर वेट (पशुवैद्य) आहे. परवा दोन उंटिणींच्या सौद्यात वयावरून वाजलं आणि दात बघायला मला बोलावलं. पहिलीला विकणारा म्हणे पाच पूर्ण, घेणारा म्हणे सात तरी असणार. फार्मवर एक म्हातारे उंटवाले आजोबा आहेत, त्यांनी पहिलीचा ओठ जरा खाली ओढला आणि "थनिय्या" म्हणून मोकळे झाले. मी तपासलं तर खालचे मधले दोन दात पक्के, बाजूचे अजून दुधाचे, म्हणजे सहावं चालू. एकदम करेक्ट!

आपल्याकडे बैलाला आदत, दुसा, चौसा म्हणतात ना, तसंच हे, पण अरबीत त्याच्याही कितीतरी आधीपासून सुरू होतं. आई पुन्हा गाभण राहायच्या वेळचं, वर्ष पूर्ण झालेलं पिल्लू बिंत मखाद, आई पुन्हा विऊन दुधावर आली की तेच बिंत लबून, मग ओझं न्यायच्या लायकीची हिक्का, मग पाचव्या वर्षी जझआ. जझआच्या वयात दात पडतही नाही नि येतही नाही, ते फक्त काळाचं नाव, हे जुन्या कोशकारांनी पण स्पष्ट लिहून ठेवलंय. पुढे सहाव्या वर्षापासून क्रमाने थनी (मादी ती थनिय्या), रबाअ, सदीस, आणि नवव्या वर्षी सुळा फुटला की बाझिल. जकात (इस्लाममधलं सक्तीचं दान) पण याच नावांवर, २५ उंट झाले की एक बिंत मखाद, ३६ झाले की बिंत लबून, त्यामुळे वय चुकलं तर हिशोबच चुकणार.

खरी गंमत दुसरीच्या वेळी. मालक १२ वर्षं सांगत होता. सगळे पक्के दात आलेले, सुळे बाहेर, समोरचे झिजलेले. मी म्हटलं आठच्या वर नक्की, पण नेमका आकडा दातांवरून देता येणार नाही, चारा कसा, वाळू किती, त्यावर झीज ठरते. घेणारा माझ्यावरच चिडला, डॉक्टर असून सांगता येत नाही? तेव्हा आजोबा मध्ये पडले, म्हणाले बाझिलच्या पुढे नावच नाही, नुसतं मुख्लिफ, म्हणजे बाझिल ओलांडून गेलेला, एका वर्षाचा मुख्लिफ, दोन वर्षांचा मुख्लिफ, आणि ते ज्याने जन्मापासून मोजलं त्यालाच माहीत. मला तर अंगावर काटाच आला, कारण आमच्या शास्त्राची जी हद्द तीच यांच्या शब्दांची! अगदी थकलेलीला शारिफ म्हणतात, पण त्यात आकडा नाही. आणि मुरलेल्या, अनुभवी माणसालाही बाझिल म्हणतात, ते त्या आजोबांना मनापासून लागू.

पहिलीचा सौदा तिथेच झाला. दुसरीच्या रिपोर्टवर मी "आठच्या वर, बाझिल होऊन गेलेली" एवढंच लिहून सही केली.