केव्हीएमच्या जुन्या कोडमधील दोन खुणांची एक अवस्था करताना

राजारामपुरीतील आमच्या छोट्या कार्यालयात लिनक्स ४.४ वर आधारलेला केव्हीएमचा, म्हणजे व्हर्च्युअल यंत्रे चालवणाऱ्या लिनक्स कर्नलच्या भागाचा, कोड सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यातील इंटरप्ट कंट्रोलरचा, म्हणजे उपकरणांचे इशारे प्रोसेसरकडे पोहोचवणाऱ्या घटकांचा, भाग आधी नीट करावा असे मी ठरवले. गेस्टचे, म्हणजे व्हर्च्युअल यंत्राचे, हे कंट्रोलर तीन प्रकारे चालू शकतात: सगळे कर्नलबाहेर क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सगळे कर्नलमध्ये, किंवा 'स्प्लिट' पद्धतीने, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा कंट्रोलर (लोकल एपिक) कर्नलमध्ये आणि पिक व आयओ-एपिक हे सामायिक कंट्रोलर बाहेर. एका गेस्टला यांपैकी एकच प्रकार लागू असतो. ४.४ मध्ये मात्र ही माहिती दोन ठिकाणी विखुरलेली आहे. स्प्लिटसाठी एक बूलियन (खरे-खोटे सांगणारी नोंद) आहे आणि पूर्ण कर्नल प्रकार पिकचा पॉइंटर (त्याचा मेमरीतील पत्ता) भरलेला आहे की नाही यावरून ओळखायचा. "सर, दोन्ही एकदम खरे झाले तर?" असे नव्याने रुजू झालेल्या सहकारी मुलीने विचारले. तसे होत नाही, पण हे स्ट्रक्चर, म्हणजे या नोंदी जिथे एकत्र ठेवल्या आहेत ती रचना, पाहून कळत नाही. त्यासाठी फाइलीमागून फाइली उघडाव्या लागतात.

मुख्य कर्नलने हे काम २०१७ मध्ये, ४.११ या आवृत्तीत, एका इनमने, म्हणजे ठरवून दिलेल्या किमतींपैकी एका वेळी एकच धरणाऱ्या नोंदीने, केले आहे. मीही तोच मार्ग धरला. शून्य ही किंमत 'काहीच नाही' या अवस्थेला दिली, कारण गेस्टचे स्ट्रक्चर शून्याने भरलेलेच मिळते. खरा वेळ गेला तो पॉइंटरच्या वापरांत. गिट ग्रेप या शोध-आज्ञेने सापडलेल्या प्रत्येक ठिकाणी पिकचा पत्ता हवा आहे, की कंट्रोलर कर्नलमध्ये आहे का एवढेच विचारायचे आहे, हे वाचून ठरवावे लागले. 'कर्नलमध्ये आहे, पण स्प्लिट नाही' अशा जोडअटी त्यामुळे काढून टाकता आल्या.

सर्वांत नाजूक भाग क्रमाचा होता. जुना कोड इंटरप्टचे राउटिंग (कोणता इशारा कुठे जाणार याची नोंद) तयार करतो, मग मेमरी बॅरियर (मेमरीतील लिहिण्या-वाचण्याचा क्रम पक्का करणारी सूचना) घालतो आणि त्यानंतरच पिकचा पॉइंटर लिहितो, कारण तो पॉइंटर दिसणे हीच सगळे तयार असल्याची खूण असते. आता ती खूण इनमकडे गेल्यामुळे बॅरियरनंतर इनम लिहिला आणि वाचणाऱ्या बाजूचा बॅरियर तसाच ठेवला. पुढे क्यूईएमयूला ऑन, ऑफ आणि स्प्लिट असे तिन्ही पर्याय देऊन इंटेल व एएमडी यंत्रांवर चाचण्या घेतल्या.

एनएमआयची (रोखून न ठेवता येणाऱ्या इंटरप्टची) 'प्रलंबित' आणि 'इंजेक्टेड' (गेस्टकडे पोहोचवला जात असलेला) ही जोडीही अशीच एकत्र करू या, असे तिने नंतर सुचवले. ती मी तशीच ठेवली, कारण एक एनएमआय गेस्टकडे पोहोचवला जात असताना दुसरा रांगेत असू शकतो आणि तेव्हा दोन्ही नोंदी खऱ्या असतात.