५४० चा डावा पत्रा : टकटक थांबली!

मंडळी, माझ्या ५४० चा, म्हणजे महिंद्रा एमएम ५४० जीपचा, डाव्या बाजूचा पत्रा आज बसला. मधोमध दाबला, चारही कोपऱ्यांवर अंगठा रोवून दाबला, आवाज नाही. वीतभर ठिगळाने तीन आठवडे खाल्ले, म्हणून आज बाकी सगळं बाजूला ठेवून त्याचंच सांगतो.

ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर मागच्या वेळी झाला होता. तो सोपा गेला, कारण तिथल्या पत्र्याला पन्हाळी दाबलेल्या आहेत. तापला तरी फारसा हलत नाही. मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा मात्र सपाट, आणि सपाट पत्रा कुठलीच चूक लपवत नाही. भोक होतं रुपयाएवढं. रंग खरवडला तर खाली जुनं ठिगळ निघालं, कुण्या डेंटरने गॅसवर पितळ भरून बसवलेलं. पितळावर सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या झोतात तार वितळवून जोडणं) धरत नाही. जस्त उकळून पांढरा धूर येतो, तार तडतडते, शिवण गार होताना चिरते. पहिल्या संध्याकाळी एक टाका मारला की शेजारी नवं भोक, असंच चाललं. शेवटी मशीन बंद केली आणि पिवळा कण दिसेनासा होईपर्यंत पत्रा कापत गेलो. रुपयाचं भोक ११० बाय १६० मिमीचं झालं.

तेव्हा अख्खा तयार पॅनल टाकायचं ठरवून तो मागवलाही. व्हर्निअर लावला तर जाडी जेमतेम ०.८ मिमी, आणि चाकावरची गोलाई मूळ पत्र्याशी जुळत नव्हती. परत पाठवला. जीपला असा पत्रा लावायला माझा हात धजत नाही. मग १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा सीआर (थंड लाटलेला, साधा पोलादी) पत्रा आणला. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा, वापरू नका. जस्ताचा धूरही वाईट आणि शिवणही भुसभुशीत.

ठिगळाचे कोपरे गोल ठेवले, कारण काटकोनात ताण साठतो. ठिगळ वरून चिकटवून १ मिमीच्या कटिंग व्हीलने दोन्ही पत्रे एकदम कापले. फट सगळीकडे सारखी मिळाली. ०.८ मिमीची तार, टाके समोरासमोर, मध्ये हात टेकवता येईल इतकं गार होऊ देणं, सगळं नियमाने केलं. संध्याकाळी घासून पाहिलं तर सुरेख दिसत होतं. सकाळी हात लावला आणि टक! डब्याच्या झाकणासारखं आत-बाहेर.

पोलादी पट्टी उभी धरली तेव्हा कळलं : शिवणीची रेघ दीड-दोन मिमी खाली, मधला भाग वर. मला वाटलं मधला पत्रा वाढलाय. गॅसने दोन ठिपके लाल करून तो आवळायला गेलो, तर लाट आणखी लांब पसरली. लांबी (पुट्टी) भरून सपाट करणं हा पर्याय मी धरतच नाही. हलणाऱ्या पत्र्यावर ती पहिल्या खडकाळ उतारावर तडकते आणि आत पाणी जिरतं.

उलगडा झाला तो पुण्यात, कसब्यातल्या तांबट आळीत. मी गेलो होतो फक्त तांब्याचा जाड तुकडा घ्यायला. भोकामागे तांबं धरलं की उष्णता खेचून घेतं आणि त्याला पोलाद चिकटत नाही. तिथे एक कारागीर हंड्याला मठार देत होते. ठोका अगदी हलका, पण एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येक ठोक्याला तांबं केसभर पसरत होतं. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. माझा मधला पत्रा वाढलेला नव्हताच. शिवण आखडली होती! वेल्डचा भाग तापून फुगायला जातो, भोवतीचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, आणि गार होताना तो आधीपेक्षा आखूड होतो. आवळायचं नव्हतं, ताणायचं होतं.

लाल ठिपक्यांनी खराब झालेलं ठिगळ कापून काढलं. नवं चारही बाजूंनी ५ मिमी मोठं घेतलं, मागे तांबं. टाका मारायचा, गार होऊ द्यायचा, फ्लॅप डिस्कने (ग्राइंडरच्या घासायच्या चकतीने) कागदाएवढा उंच ठेवून घासायचा, मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) घट्ट धरून टाक्यावरच दहा-बारा हलके ठोके द्यायचे, मग समोरचा टाका. घासणं आधी हवं, नाहीतर हातोडी उंचवट्यावर नाचते आणि शेजारच्या पत्र्याला खळगे पडतात. डॉली जुन्या बाजारातली, घडीव. नव्या संचातली ओतीव डॉली चार दिवसांत खड्डे पडून बाद झाली. सहाव्या टाक्याला पट्टीखालचा उजेड बारीक होताना दिसला, तेव्हा जे वाटलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पूर्ण शिवणीला दोन रविवार लागले.

आतून-बाहेरून इपॉक्सी प्रायमर मारलाय. नुसत्या रेड ऑक्साइड प्रायमरवर माझा भरवसा नाही, निदान आपल्या पावसात तरी नाही.

पुढे मागचा टेल पॅनल घेणार होतो, पण हे लिहितानाच बेत बदलतोय. चाकाची कमान आणि बाजूचा पत्रा मिळतात त्या कोपऱ्यात चिखल साचून चाळण झालीय. तिथे सपाट तांबं टेकणारच नाही, गोलाईचं हवं. कमानीचा पुठ्ठ्याचा साचा आत्ताच कापून घेतो आणि तांबट आळीत तेवढी पट्टी मठारून मिळते का ते विचारतो. मिळाली तर टेल पॅनल दिवाळीनंतर.