आमची वाटचाल : जुनी घड्याळं, पुठ्ठ्याचा खोका आणि दोन फोटो

आमचा धंदा जुन्या चावीच्या घड्याळांचा. परळला सासऱ्यांचं दुरुस्तीचं दुकान, जिन्याखालची जागा, एक टेबल, एक शोकेस, बस. गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनचं गिऱ्हाईक, त्यात निम्म्यांच्या हातात लग्नात मिळालेलं एचएमटी. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मशीनचं काम अजून तेच बघतात, डोळ्याला आयग्लास लावून बसले की जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत.

एचएमटी या सरकारी कंपनीची घड्याळं १९६१ पासून बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बनायला लागली आणि २०१६ ला सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला. त्यानंतर त्यांची जनता, पायलट, सोना ही मॉडेलं आहेत का असं विचारणारे एकदम वाढले, त्यात तरुण मुलं जास्त. मग २०२० ला लॉकडाऊन लागला, दुकान बंद, दुरुस्त केलेली घड्याळं घरात पडून, म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टावर फोटो टाकायला सुरुवात केली.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. बाहेरच्या देशातले घड्याळवेडे डायल रंगवून, इकडचे तिकडचे पार्ट जोडून चकाचक केलेल्या घड्याळाला "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या शहराचं नाव अशा मालाला लागलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण इथे अण्णांसारखे आयुष्यभर इमानाने काम केलेले किती घड्याळजी आहेत. पण गिऱ्हाईक बिचकतं ते बरोबरच आहे, त्याला घड्याळ हातात घेऊन बघता येत नाही, त्याच्याकडे फक्त फोटो आहे. म्हणून आमच्यासाठी फोटो म्हणजे अर्धा धंदा.

फोटोसाठी लाइटबॉक्स, म्हणजे सगळीकडून मऊ उजेड येणारा खोका, दिरांनी बनवून दिला. ते गणपतीची मखरं करतात, २०१८ ला थर्माकोलवर बंदी आल्यापासून पुठ्ठ्याची, त्यामुळे पुठ्ठा कापण्यात त्यांचा हात बसलेला. मिक्सरच्या मोठ्या खोक्याला दोन बाजूंनी आणि वरून खिडक्या कापल्या, त्यावर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला, आत पांढरा चार्ट पेपर मागून खालपर्यंत गोल वाकवून टाकला म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ येत नाही. कागद अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून, एलईडी बल्ब लोहार चाळीतून, तिन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच रंगाचे, ६५०० केल्विन म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड. खोलीतली ट्यूब बंद आणि पडदा ओढलेला हवा, नाहीतर डायल एका बाजूने पिवळी दिसते आणि गिऱ्हाइकाला वाटतं डाग आहे. मोबाइलवर आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदाला लावायचा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि स्वस्त बल्बात ते फोटोत पकडलं जातं.

घड्याळाचा फोटो अवघड का, तर ते सगळं आरशासारखं असतं. काच फुगीर, केस म्हणजे बाहेरचं धातूचं कवच पॉलिश केलेली, पायलटची डायल काळी, त्यात कॅमेरा, माझा हात, छतावरचा पंखा सगळं दिसतं. यावर उपाय म्हणजे काळ्या कार्डपेपरला लेन्सएवढं भोक पाडायचं आणि कॅमेरा त्यामागे ठेवायचा. आणि चारही बाजूंनी पांढरं असलं की स्टीलची केस पण पांढऱ्यात विरघळून जाते, कड कुठे संपते कळत नाही, म्हणून घड्याळाच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जरा बाहेर काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करते, त्यांची बारीक काळी रेघ केसवर उमटते आणि लगेच आकार उठून येतो. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अण्णांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

काटे दहा वाजून दहा मिनिटांवर, म्हणजे बारा खालचं नाव मोकळं दिसतं. सेकंद काटा पुसट येऊ नये म्हणून चावी पूर्ण उतरू देते. आता फोर्टमधून घेतलेला सेकंड हँड कॅमेरा आणि अगदी जवळून फोटो काढायची १०० एमएमची मॅक्रो लेन्स आहे, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ ८ ते ११ ला, दोन सेकंदांचा टायमर. लेन्स पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात, मुंबईच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पण या खोक्याचा मऊ लाइट ओरखडे लपवतो. काच घासलेली असो की सोन्याचा मुलामा उडून पितळ दिसत असो, खोक्यात सगळं गुळगुळीत. म्हणून आमचा नियम, प्रत्येक घड्याळाचा दुसरा फोटो खोक्याबाहेर, एकच बल्ब अगदी कडेने आडवा मारून, त्यात केसाएवढी रेघ पण उभी राहते. शिवाय डायलवरच्या अक्षरांचा जवळून एक आणि मागचं झाकण काढून मशीनचा एक. मूळ छपाईत अक्षराची कड स्वच्छ असते, नंतर रंगवलेल्या डायलवर ती जाड आणि फुगलेली दिसते, मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांशी नीट जुळत नाहीत. आमच्याकडच्या एखाद्या घड्याळाची डायल रंगवलेली असेल तर तसं लिहूनच विकतो, किंमत कमी लावतो.

नाशिकच्या एका काकांनी सोना घेतलं, पार्सल मिळाल्यावर फोन करून म्हणाले, "ताई, चारच्या खुणेजवळचा ओरखडा तुम्ही दाखवलात तेवढाच आहे हो." नंतर त्यांनी वडिलांचं बंद पडलेलं जनता आमच्याकडे दुरुस्तीला पाठवलं, देवनागरी डायलवालं, अण्णांनी बॅलन्स, म्हणजे मशीनमधलं मागेपुढे फिरणारं चाक, काढून धुतला आणि चालू करून दिलं.

तुमच्याकडे असं घड्याळ असेल आणि दुरुस्तीचा अंदाज हवा असेल तर दोन फोटो पाठवा, एक खिडकीजवळ ढगाळ उजेडात समोरून आणि एक टॉर्च कडेने मारून. मागचं झाकण सुरीने उघडू नका, केस आणि मशीन दोन्हीला लागतं, ते आम्ही उघडतो.