परवानगी मागू नका, कळवा आणि पोच घ्या

पिल्लू नाही, वाढलेलं मोठं कुत्रं दत्तक घेतलं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "रुळली का?" आमची साळू आली त्या रात्रीच सोफ्याखाली शिरून घोरायला लागली. रुळली नाही ती आमची सोसायटी.

साळू गावठी, तांबूस, साधारण पाच वर्षांची. वय म्हणजे डॉक्टरांनी दात बघून सांगितलेला अंदाज. गाडीनं उडवलं होतं, मागच्या पायात रॉड आहे. जिच्याकडून दत्तक घेतली त्या प्राणीसंस्थेनंच तिची नसबंदी केलेली, रेबीजची लस दिलेली. फॉर्म भरला, संस्थेतली एक मुलगी आमचं नाशिकच्या इंदिरानगरमधलं घर बघून गेली, बाल्कनीची जाळी हलवून पाहिली, दिवसभर घरी कोण असतं विचारलं. आई असते. झालं. आणि मग फॉर्मचं शेवटचं पान: सोसायटीचं ना हरकत पत्र, म्हणजे एनओसी.

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मीटिंगला विषय घेऊ." ती मीटिंग टाकीच्या गळतीत वाहून गेली. पुढच्या वेळी चेअरमन गावी. त्यानंतर विषय निघाला तर एक सभासद म्हणाले, "पिल्लू असतं तर गोष्ट वेगळी. हे रस्त्यावरचं, तेसुद्धा मोठं. चावलं तर जबाबदार कोण?" सी विंगमध्ये लॅब्रॅडोर आहे, चांगला वासराएवढा. त्याच्या वेळी एनओसीचा विषय कधी निघाला होता, हे मी विचारलं. उत्तर मिळालं, "ते ब्रीडचं आहे ना."

मग अटी आल्या. लिफ्ट वापरायची नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर, कुत्रीच्या पायात रॉड. अनामत रक्कम भरायची. विंगमधल्या सगळ्यांच्या सह्या आणायच्या. आणि हे सगळं तोंडी! लिहून द्या म्हटलं की सेक्रेटरी हसून "बघू" म्हणायचे. तिकडे संस्थेचा फोन, की दुसरं एक कुटुंब विचारतंय. माझं डोकं इतकं फिरलं होतं की जिना उतरताना सेक्रेटरींची स्कूटर दिसली तरी चिडचिड व्हायची.

तोडगा काढला खालच्या मजल्यावरच्या काकांनी. सहकार खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कागदाची भाषा पक्की. माझा अर्ज बघून म्हणाले, "अगं, 'परवानगी मिळणेबाबत' कशाला लिहितेस? मागितलीस की नाही म्हणायची सोय करून देतेस त्यांना. 'कळविणेबाबत' लिही." त्यांनीच मजकूर सांगितला. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं 2015 साली पाळीव कुत्र्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यांची प्रत जोडली. त्यात स्पष्ट आहे: सोसायटीला बहुमतानं ठराव करूनही कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. सोबत लसीचं आणि नसबंदीचं प्रमाणपत्र.

सेक्रेटरी पत्र घ्यायला तयार, पोच द्यायला नाहीत. मग तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं. पोस्टमनसमोर सही करावीच लागली. पत्राची प्रत, पोस्टाची पावती, पोचल्याचा पुरावा असं सगळं संस्थेला दिलं आणि त्यांनी एनओसीचा हट्ट सोडला. खरं तर जे पत्र मिळेलच याची खात्री नाही, ते संस्थांनी सक्तीचं करूच नये. घरमालकाची संमती मागणं समजू शकतं. पण सोसायटीच्या मर्जीवर कुत्र्याचं घर ठरवायचं म्हणजे कमाल आहे.

एक मात्र सांगते. शेजारी घाबरतात ते सगळेच उगाच नाही. आमच्या मजल्यावरच्या आजींना लहानपणी कुत्रं चावलंय. त्या लिफ्टमध्ये असतील तर आम्ही थांबतो, पुढच्या फेरीला जातो. ही अट कुणी घातलेली नाही.

घरी आणताना पट्टा दुहेरी लावा, एक हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला), एक गळ्याला. नवीन जागेत बुजलेलं मोठं कुत्रं हिसका देऊन पळतं आणि त्याला परतीचा रस्ता माहीत नसतो. पहिल्या आठवड्यात पाहुणे नकोत. आणायच्या आधी रक्ततपासणी करून घ्या. गोचिडांमुळे ताप येतो, प्लेटलेट्स खाली जातात आणि वरून कुत्रं नुसतं मलूल दिसतं. रेबीजची लस दरवर्षी, तारीख मोबाईलमध्ये टाका. आईला आधी मोठं कुत्रं नको होतं, "सवयी लागलेल्या असतात" म्हणायची. लागलेल्याच होत्या: घरात घाण न करण्याची.

हो, आणि द्राक्षं! नाशिकच्या घरात हंगामात पेटीच्या पेटी येते, पोरं खाली सांडतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. कांदाही चालत नाही, शिजवलेलासुद्धा. म्हणजे उरलेल्या भाजीचा रस्सा पोळीवर घालून देणं बंद. आईला हे पटवणं सेक्रेटरींपेक्षा सोपं गेलं.

आता नोटीस बोर्डावर 'पाळीव प्राण्यांबाबत नियमावली' लागलीय, लिफ्टबंदी पहिल्याच क्रमांकावर. काका आणि सी विंगमधले लॅब्रॅडोरवाले असं आम्ही तिघांनी मिळून उत्तर दिलंय. पोच या वेळी हातोहात मिळाली.