दगडावरची उलटी सही

आज दिवसभर दगडावर चित्र काढलं. म्हणजे शिळाछाप, लिथोग्राफी. नखांतली शाई अजून निघत नाहीये.

मला वाटायचं, दगड कोरत असतील. छे! घासून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या लादीवर तेलकट खडूने काढायचं, मग डिंकात थोडं आम्ल घालून ते वरून फिरवायचं. नंतर दगड ओला केला की खडूच्या रेघांवर पाणी टिकत नाही, आणि रूळ फिरवला की शाई नेमकी तिथेच बसते. तेल-पाण्याचं वैर, एवढंच भांडवल! लाकडी ठशात शाई उंचवट्याला लागते, तांब्याच्या पत्र्यात खोदलेल्या रेघेत भरते. इथे सगळं एकाच पातळीवर.

शोध आलोइस झेनेफेल्डरचा, बव्हेरियातला. हा गडी नाटकं लिहायचा, पण छापून घ्यायला पैसे नसायचे. १७९६ मध्ये आईने धुण्याच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, म्हणून दगडावरच लिहिली, असं त्यानेच सांगून ठेवलंय. तेल-पाण्याची खरी युक्ती जमायला मात्र १७९८ उजाडलं. आजचं ऑफसेट याच घराण्यातलं.

माझं म्हणाल, तर चित्राखाली झोकात सही ठोकली. कागद उचलला, सही उलटी. आधी दोनदा बजावलं होतं हो मला! दुसऱ्या प्रतीच्या वेळी दगड नीट ओला केला नाही, कोपऱ्यात काळा डाग. तिसरीत मात्र खडूचा खरखरीत दाणा जसाच्या तसा उतरलाय. सही अर्थात उलटीच.